खिंडीतली रास

द्रिका स्वार्टबोईचा हात आधी चालायचा आणि तोंड मागून, हे कुबूस गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. एकदा तिच्या पिकअपच्या मागच्या हौद्यात बसलेल्या एका खाणकामगारानं शेजारच्या शाळकरी मुलीच्या मांडीवर हात ठेवला. द्रिकाला ते आरशात दिसलं. तिनं गाडी बाजूला घेतली, खाली उतरली, पोर्ट नॉलथ बंदरावरून दुकानासाठी आणलेल्या पेटीतला एक बर्फात गोठून दगड झालेला स्नूक मासा शेपटीला धरून उचलला आणि त्या माणसाच्या तोंडावर हाणला. त्याचे पुढचे दोन दात हौद्यात पडले. मग तोच मासा त्याच्या मांडीवर टाकून ती म्हणाली, "घरी ने. बायकोनं विचारलं कशानं लागलं, तर दाखवायला होईल."

त्यानंतर तिच्या गाडीत बायाबापड्या बिनघोर झोप काढायच्या. आमच्या या टापूत, मोठ्या नदीपासून समुद्रापर्यंत, रस्ते म्हणजे वाळूवर उमटलेल्या दोन रेघा. त्या रेघांवर गाडी हाकणारी बाई ती एकटीच, आणि तिला 'बाई असून' म्हणणारा कोणी जागेवर उभा राहत नसे.

मार तिला नवा नव्हता. तिचा बाप पेट्रस डोंगरात बकऱ्या राखायचा, आणि बकरी हरवली की गाढवाच्या चाबकानं पोरींना फोडायचा. बकरी सापडली तरी फोडायचा, हरवलीच कशी म्हणून. द्रिका चौदा वर्षांची झाली तेव्हा तिनं एका सकाळी तो चाबूक त्याच्या हातून काढून घेतला आणि त्याच्याच पाठीवर दोनदा ओढला. म्हाताऱ्यानं मरेपर्यंत तिच्याशी अबोला धरला, पण चाबूक पुन्हा खुंटीवरून काढला नाही. तिचा पहिला नवरा हान्स गरीब गाय होता. तो हिरे काढायच्या बोटीवर होता, त्याला समुद्रानं नेलं. दुसरा डाविड. त्याचा हात सारखा चालायचा. एका दुपारी त्यानं गाडीच्या खिडकीतून हात आत घालून तिचे केस धरले, तेव्हा तिनं काच वर केली आणि गाडी पुढे घेतली. डाविडचा हात कोपरात उलटा झाला. तो स्प्रिंगबोकच्या दवाखान्यात गेला तो परत फिरकलाच नाही. पिकअप खरं तर त्याची होती.

अशा बाईला पोटचं पोर नव्हतं. होती ती एक भाची, सल्मिना, मेलेल्या बहिणीची. तिला द्रिकानंच वाढवलं होतं. आणि सगळ्या जगाला सरळ करणाऱ्या द्रिकाच्या घरातली ही पोर नेमकी फान लिंक्सच्या घरात जाऊन पडली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

फान दिसायला देखणा होता, बोलायला गोड होता, आणि कामाचा कंटाळा. पण गेल्या काही वर्षांत आमच्याकडे एक नवीन धंदा आला. समुद्रापलीकडचे लोक फोनवर फोटो पाठवतात, हे झाड पाहिजे, ते झाड पाहिजे. आमच्या माळावर पांढऱ्या गारगोट्यांच्या पट्ट्यांत बोटाच्या पेराएवढी झाडं उगवतात. ना पान ना फांदी, नुसती हिरवी गोळी, जमिनीला शिवल्यासारखी. आम्ही त्यांना बटणं म्हणतो. लहानपणी त्यांच्यावरून चालत जायचो, कधी लक्ष दिलं नाही. आता तीच बटणं रातोरात खणून खोक्यांत भरून जायला लागली, आणि फानच्या पायात चामड्याचे बूट आले. बटणं संपत आली तसे ते लोक मोठी झाडं मागायला लागले. म्हणजे अर्धमाणसं. उतारावर एकेकटी उभी असतात, पुरुषभर उंच, काटेरी अंग, शेंड्याला पानांचा झुबका, आणि सगळ्यांची मान उत्तरेला कललेली. आमचे पूर्वज नदीपलीकडून हाकलले गेले तेव्हा ज्यांनी मागं वळून पाहिलं ते तसेच राहिले, असं म्हणतात. माझी आजी त्यांच्यासमोरून जाताना डोक्यावरचा रुमाल नीट करायची. फान त्यांना मुळासकट उपटून ताडपत्रीत गुंडाळायचा.

सल्मिनाला तो मारायचा हे सगळ्यांना माहीत होतं. तीनदा द्रिकानं तिला तिथून उचलून आणलं. तीनही वेळा फान आला, फाटकाशी गुडघे टेकून बसला, रडला, "माझा हात तुटो" म्हणाला, आणि सल्मिना स्वतःहून त्याच्या गाडीत जाऊन बसली. द्रिका फाटकावर लोखंडी पाना घेऊन उभी असायची, पण जी आपल्या पायांनी जाते तिला पान्यानं कसं अडवणार?

चौथ्या वेळचं कारण बकऱ्या. फान डोंगरात गेला होता. घरात पलंगाखाली, चुलीमागे, जिकडेतिकडे बटणांची खोकी रचलेली. सल्मिनाला चहाचा डबा काढायलाही वाट राहिली नव्हती. तिनं दोन खोकी अंगणात नेऊन ठेवली, आणि पाणी आणायला गेली. परत येते तो शेजाऱ्याच्या बकऱ्यांनी पंगत उठवलेली. शंभर शंभर वर्षांची झाडं, बकऱ्यांनी चणे खावेत तशी खाल्ली. सल्मिनाला हसू आलं. तिचं दुर्दैव असं, की ती हसत असतानाच फान दारात आला.

त्यानं फावड्याचा दांडा घेतला. शेजाऱ्यांनी नंतर सांगितलं, आवाज गोणपाट झोडपल्यासारखा येत होता, आणि बराच वेळ येत होता. कोणी गेलं नाही. जायला हवं होतं, आमच्यापैकी कोणीतरी जायला हवं होतं, पण फानकडे कोल्हे मारायची बंदूक असते, आणि दुसऱ्याच्या घरात कोण पडतं, असं आम्ही एकमेकांना सांगत बसलो. दांडा मोडला तेव्हा तो थांबला. मग बंदूक घेऊन राहिलेला माल पोचवायला निघून गेला.

द्रिका पोचली तेव्हा सल्मिना भिंतीला टेकून बसली होती. एक डोळा पार मिटलेला, ओठ उभा फाटलेला, डावा हात पोटाशी धरलेला. गावातल्या दवाखान्यातल्या नर्सनं बरगड्यांना पट्टा बांधला आणि द्रिकाला बाहेर नेऊन म्हणाली, "द्रिका, हिला लघवीतून रक्त जातंय. पोर्ट नॉलथला ने आजच्या आज. आणि ऐक, ही पुन्हा त्याच्याकडे गेली तर पुढच्या खेपेला तुला गाडी नको, फावडं लागेल."

 द्रिकानं गाडीत पाण्याचे दोन कॅन टाकले, सल्मिनाला पुढच्या सीटवर बसवलं, पायाशी पाना ठेवला आणि गाडी काढली.

डांबरी रस्ता नदीकाठानं जातो, पण तिथल्या पेट्रोलपंपावर फानचे दोस्त दिवसभर चकाट्या पिटत बसलेले असतात. म्हणून तिनं डोंगरातला मागचा रस्ता धरला, खिंडीतून लेकरसिंग गावाकडे आणि तिथून समुद्राला. सकाळची वेळ, धुकं समुद्रावरून आत आलेलं. आमच्याकडे पाऊस कधीतरी पडतो, बाकी सगळं जगतं ते या धुक्यावर. झाडाच्या काट्याकाट्याला थेंब लागलेला असतो आणि दहा पावलांपलीकडचं काही दिसत नाही. गाडी खड्ड्यात आपटली की सल्मिना दात आवळून घ्यायची.

"मावशी," ती फाटक्या ओठानं म्हणाली, "तू गाडी चालवतेस की बापाच्या बकऱ्या हाकतेस?"

"तू बोलू नकोस. ओठ पुन्हा फाटेल."

"फाटू दे. बकऱ्या मात्र बघायला हव्या होत्यास. ती लंगडी म्हातारी बकरी, तिनं तर खोकंच खाल्लं."

"हसू नकोस म्हणते ना. बरगड्या आहेत त्या, टाळ नाहीत."

सल्मिना हसली आणि मग हसता हसता रडली. द्रिकानं एका हातानं स्टिअरिंग धरलं आणि दुसरा तिच्या गुडघ्यावर ठेवला. त्या हाताला हे काम सवयीचं नव्हतं, थोडा वेळ नुसताच पडून राहिला.

पांढऱ्या गारगोट्यांचा माळ लागला. सगळीकडे वीतवीतभर खड्डे, उकरून तसेच टाकलेले, कोंबड्यांनी अंगण उकरावं तसे. एक हिरवा ठिपका उरला नव्हता. पुढं चढ सुरू झाला, धुक्यातून कोकरबूमच्या झाडांची जाड पिवळी खोडं दिसायला लागली, दुधी झुडपं दिसायला लागली, ज्यांचा चीक डोळ्यात गेला तर माणूस आंधळा होतो. मग तो उतार आला जिथं लहानपणापासून तीन अर्धमाणसं उभी असायची. आता तिथं तीन खळगे होते.

"हे कुठं गेले?" सल्मिनानं विचारलं.

"तुझ्या माणसाला विचार."

 सल्मिना खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तो असा नव्हता, मावशी. त्या लोकांनी त्याला असं केलं. दारू उतरली की तो माझे पाय चेपतो."

द्रिकानं गिअर बदलला. हेच ते. डोळा मिटलेला आहे, रक्त जातंय, आणि ही मनानं परत निघालीसुद्धा. पोर्ट नॉलथला पोचेपर्यंत फान जर समोर आला आणि गुडघे टेकून बसला, तर ही दार उघडून उतरणार. तिला बंदुकीची भीती वाटत होती त्यापेक्षा त्याच्या त्या गुडघ्यांची जास्त वाटत होती.

खिंडीच्या माथ्यावर हैत्सीची रास आहे. हैत्सी-ऐबीब आमचा जुना शिकारी. कितीदा मेला आणि कितीदा उठला. जिथं जिथं मेला तिथं तिथं दगडांची रास. येणारजाणारानं एक दगड किंवा हिरवी फांदी ठेवायची, जे मागायचं ते तोंडानं मागायचं आणि पुढं जायचं. रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारेही इथं उतरतात, पाद्रीबुवांचा ड्रायव्हरही उतरतो, पाद्रीबुवा तेवढा वेळ दुसरीकडे बघतात. खिंडीतली रास छातीएवढी उंच आहे. किती पिढ्यांचे दगड असतील, कोण जाणे.

द्रिकानं ब्रेक दाबला.

"मावशी, आज नको," सल्मिना म्हणाली. "तो मागावर असला तर?"

"असू दे. आजवर मी इथनं तशी गेले नाही."

ती उतरली, एक दगड उचलला, राशीवर ठेवला आणि मोठ्यानं म्हणाली, "हिला पोचव." एवढंच. वळली, आणि तेवढ्यात खालून आवाज आला. धुक्यात आवाज फार लांबून येतो. सायलेन्सर फुटलेली गाडी, चढावर गिअर बदलताना खोकणारी. अख्ख्या टापूत अशी एकच होती. पंपावर बसलेल्यांनी नाही सांगितलं तर आणखी कोणीतरी सांगितलं असेल. आमच्या गावात बातमीला कुठं पेट्रोल लागतं?

त्याची गाडी दणकट होती. खिंड उतरली की पुढं सपाट माळ, तिथं तो यांना अर्ध्या तासात गाठणार. द्रिका तिथंच उभी राहिली, आणि मग तिच्या लक्षात आलं की फानही इथं थांबणार. फानला त्याच्या आजीनं वाढवलं होतं. ती म्हातारी खिंडीत दगड न ठेवणाऱ्या नातवाला घरात जेवायला वाढत नसे. फान चोर होता, दारुडा होता, पूर्वजांना ताडपत्रीत गुंडाळणारा होता, पण ही रास तो ओलांडणार नाही. दगड उचलायला वाकेल. बंदूक सीटवर राहील, कारण बंदूक घेऊन राशीपाशी कोणी जात नाही.

तिनं गाडी पुढच्या वळणापलीकडे, खोलगटात नेऊन उभी केली. "आतून दार लाव. मी हाक मारेपर्यंत उतरायचं नाही. काहीही ऐकू आलं तरी."

"काय करणार आहेस?"

"दार लाव."

पाना घेऊन ती परत आली आणि राशीच्या मागं उकिडवी बसली. दगड धुक्यानं ओले झाले होते. तिचे गुडघे दुखत होते, वय पन्नाशीला आलेलं. गाडी वर आली. इंजिन बंद झालं. दार उघडलं. कोणीतरी खाकरलं, थुंकलं, आणि चामड्याचे बूट गारगोट्यांवरून राशीकडे आले.

दगड उचलल्याचा आवाज आला. मग राशीवर ठेवल्याचा. मग फान बोलला. रडक्या आवाजात नाही, दारूच्याही नाही. लहान मुलानं आजीपाशी बोलावं तसं.

"ती सापडू दे," तो म्हणाला. "आणि माझा हात आवर. माझ्यानं नाही आवरत. आज तू आवर."

द्रिकानं ते शब्द नीट ऐकले. फानचा उजवा हात अजून दगडावर होता, तिच्या नाकासमोर, धुक्यानं ओला, नखांत माती. तिला वाटलं असतं तर ती तशीच बसून राहू शकली असती. पण तिला डाविड आठवला. डाविड दर रविवारी चर्चमध्ये हेच मागायचा, याच आवाजात, डोळ्यांत खरंखुरं पाणी आणून. तेव्हा ती शेजारी बसलेली असायची आणि तिला त्याची दया यायची. सोमवार बरा जायचा, मंगळवारही जायचा.

तिनं उभं राहून पाना दोन्ही हातांनी खाली आणला. खाली दगड, वर लोखंड, मध्ये फानचा हात. हाडं मोडल्याचा आवाज वाळकी फांदी मोडावी तसा आला.

फान ओरडला, पण पडला नाही. तरणाबांड होता तो. डाव्या हातानं त्यानं तिचा गळा धरला आणि राशीवरून तिला अलीकडे ओढली. दगड ढासळले, ती त्यांच्यावरून घसरत खाली आली, पाना हातातून निसटला. त्यानं गुडघा तिच्या छातीवर ठेवला आणि तिचं डोकं जमिनीवर आपटलं, एकदा, दोनदा. तिच्या तोंडात रक्त आलं, दात हलला. "मावशी," तो म्हणत होता, "मावशी, तू? तू?" आणि प्रत्येक 'तू'ला आपटत होता. तिनं त्याचा मोडलेला हात शोधला, मनगटाच्या वर जिथं हाड बाहेर डोकावत होतं तिथं धरला आणि पिळला. तो कोलमडला. ती उठली, पाना सापडला, तिनं तो त्याच्या गुडघ्यावर घातला. मग त्याच गुडघ्यावर पुन्हा. तिसऱ्यांदा पाना वर गेला तेव्हा तिला दिसलं की आपण आता डोक्याकडे बघतो आहोत. तो वर गेलेला हात खाली आणायला तिला फार जोर लावावा लागला. पाना तिनं बाजूला जमिनीवर आपटला.

मग ती त्याच्या गाडीपाशी गेली. सीटवरून बंदूक घेतली, किल्ली काढून धुक्यात भिरकावली. मागच्या हौद्यात ताडपत्रीखाली तीन अर्धमाणसं आडवी होती, मुळं बाहेर आलेली, शेंडे एकमेकांवर पडलेले. त्यांना पुन्हा लावता येत नाही, उपटलं की संपलं. तिनं ताडपत्री पुन्हा ओढून घेतली. त्याच्याच गाडीतला पाण्याचा कॅन काढून फानच्या डाव्या हाताशी ठेवला. दया म्हणून नव्हे. आमच्याकडे कोणाला वाळवंटात पाण्याशिवाय टाकत नाहीत, कोणालाही नाही.

"पोर्ट नॉलथहून पोलीस पाठवते," ती म्हणाली. "हलू नकोस, पाय जाईल."

तो तिला शिव्या देत नव्हता. तो हाका मारत होता, तिला नाही. "सल्मिना," तो ओरडत होता. "सल्मिना, मी काही करणार नव्हतो गं."

द्रिका वळणापलीकडे पोचली तेव्हा सल्मिनाचा हात दाराच्या खटक्यावर होता. काच खाली केलेली. धुक्यातून तिचं नाव स्पष्ट येत होतं.

"मारलंस त्याला?"

"जिवंत आहे. ओरडतोय ते ऐकतेस ना?"

"त्यानं दगड ठेवला?"

"ठेवला."

"काय मागितलं?" सल्मिनाचा एकच डोळा उघडा होता आणि तो द्रिकाच्या तोंडाकडे लागला होता. "मावशी, तू तिथंच होतीस. त्यानं काहीतरी मागितलं असणार. काय म्हणाला?"

द्रिका स्वार्टबोई आयुष्यात खोटं बोलली नव्हती. तिला कधी गरजच पडली नव्हती. खोटं बोलतो तो माराला भिऊन, आणि ती माराला कधी भ्यायली नाही. आता मात्र तिला भीती वाटली. खटक्यावरच्या त्या चार बोटांची.

"म्हणाला, ती सापडू दे," द्रिका म्हणाली. "सापडली की आज संपवतो."

 मागून पुन्हा हाक आली. मग सल्मिनानं हात खटक्यावरून काढून मांडीवर ठेवला आणि काच वर केली. द्रिकानं तोंडातलं रक्त थुंकलं, गाडीत बसली आणि चालू केली.  लेकरसिंगच्या पुढं धुकं फाटलं आणि समुद्राचा वास आला, तेव्हा सल्मिनाला झोप लागली होती.

पोलिसांनी फानला दुपारी उचलला, झाडांसकट. त्याला झाडांसाठी आणि सल्मिनासाठी मिळून तुरुंग झाला. द्रिकाला कोर्टानं समज देऊन सोडलं, म्हणजे न्यायाधीशबाईंनी तिला बराच वेळ झापलं आणि तिनं मान खाली घालून ऐकून घेतलं. सल्मिनाची एक किडनी काढावी लागली. ती केपटाऊनला गेली, तिथं एका बेकरीत कामाला लागली, आणि पुढं एका शांत, टकल्या माणसाशी लग्न केलं. फोटो येतात. फोटोत ती जाड झाली आहे. आमच्यातल्या बाया म्हणतात, देवाची करणी. 

फान सुटून आला तो लंगडत आला, आणि उजवा हात मनगटापासून आत वळलेला. दारू सोडली त्यानं, हे मी सांगतो, कारण मला तो आवडत नाही आणि तरी हे खरं आहे. दुकानाच्या पायरीवर बसून असतो. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, मी त्या दिवशी राशीपाशी काय मागितलं होतं. लोक हसतात. "चोराच्या उलट्या बोंबा," दुकानदार म्हणतो. "पोरीला अर्धमेली केलीस आणि म्हणे हात आवर." लहान मुलं त्याच्यासमोर वाकडा हात करून "आवर, आवर" म्हणत पळतात. गावात एक माणूस त्याच्यावर विश्वास ठेवू शकला असता, आणि तो माणूस दुकानात यायचा तेव्हा पायरीच्या दुसऱ्या बाजूनं चढायचा.

एका सकाळी द्रिका माशांची पेटी उतरवत होती. फान उठला, लंगडत गाडीपाशी आला. आजूबाजूला कोणी नव्हतं, मी दुकानाच्या आत गोणीमागं होतो.

"मावशी," तो म्हणाला, "तू ऐकलंस ना त्या दिवशी?"

द्रिकानं पेटी खाली ठेवली. "ऐकलं."

 इतकी वर्षं फान हेच ऐकायला थांबला होता. "मग सांग तिला. फक्त तिला. ती यायची नाही, मला माहीत आहे. नुसतं कळू दे."

"नाही सांगणार."

"मी खरंच मागितलं होतं."

"ठाऊक आहे मला."

"मग मारलंस कशाला?"

द्रिका त्याच्या वाकड्या हाताकडे बघत राहिली. त्या हाताची तिला दया येत होती, तिच्या चेहऱ्यावर ती दिसत होती, आणि तिनं ती लपवली नाही.

"आणि हैत्सीनं ऐकलं नसतं तर?" ती म्हणाली.

 द्रिकानं पेटी पुन्हा उचलली आणि दुकानात आली.